तिन्ही मॉडेलं माझ्या डोक्यात आहेत

५ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी ७.४०
नवीन वर्ष, नवीन वही. चार दिवस उशीर, पण मनापासून.
आज दादरच्या ऑफिसात संघमित्रा मॅडमनी आमच्याच भोईवाड्यातल्या चाळीच्या पुनर्विकासाचं काम माझ्याकडे दिलं. बिल्डिंग एक, पण कॉम्प्युटरवर तिची मॉडेलं तीन. एकात भिंती-दारं, दुसऱ्यात कॉलम-बीम, तिसऱ्यात नळ, पाइप, संडास. एकात काही हललं की बाकी दोन्हींतही हलवायचं. बस्स! मॅडम म्हणाल्या, धनेश, तू चाळीत वाढलायस, तुला जमेल. बाईंना माणसाची पारख आहे.
१८ तारखेला चाळीची सभा. प्लॅन पास झाला नाही तर सगळं दिवाळीनंतर. आईला तोवर थांबवणं शक्य नाही. गॅलरीच्या टोकाच्या संडासाला जाता-येता तिचे गुडघे रडकुंडीला येतात. नव्या घरात आत शिरताच डावीकडे संडास. मी शब्द दिलाय.
संकल्प: रोजचा बदल रोज, तिन्ही मॉडेलांत.

७ जानेवारी, बुधवार
शेजारच्या रघुकाकांना खिडकी हलवून हवी. एक कप चहा, दोन चकल्या. नाही कसं म्हणणार? त्यांनी मला सायकल शिकवलीय. भिंतींच्या मॉडेलात खिडकी हलवली. बाकी दोन शुक्रवारी करीन. एकगठ्ठा काम जास्त शास्त्रीय.

९ जानेवारी, शुक्रवार
राहिलं. मॅच होती.
अनुजा म्हणून एक ज्युनिअर आहे. वय चोवीस, आगाऊपणा चाळीसचा. म्हणते, सर, तपासणीचं बटण आहे ना, दाबलं की कुठे काय जुळत नाही त्याची यादी येते. मी म्हटलं, ते नवशिक्यांना. तिन्ही मॉडेलं माझ्या डोक्यात आहेत. ती नुसती बघत राहिली. भारावली असणार.

१२ जानेवारी, सोमवार
बटण चुकून दाबलं गेलं. २१७ चुका. सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बिघाड आहे. यादी बंद केली.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
आईचं हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन. जी बाई येईल ती एक तिळगूळ आणि एक बदल देऊन जाते. वर गोड बोल म्हणते, मग नाही कसं बोलायचं?
शेवटी प्राचीवहिनींनी सगळ्यांच्या वतीने मागणी केली की गॅलरी आणखी चार फूट रुंद हवी, नाहीतर पापड-कुरडया काय डोक्यावर वाळवायच्या? सगळ्या घरांच्या पुढच्या भिंती चार फूट आत घेतल्या. तोंडात लाडू, अकरा मिनिटांत त्रेचाळीस घरं! बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईचा चेहरा काय फुलला होता! मला एकदम भरून आलं.
आमच्या घराला मात्र पासवर्ड टाकून ठेवलाय. आईचं घर आहे, दुसऱ्या कोणाचा हात नको. त्या अनुजाचा काय भरवसा?

१६ जानेवारी, शुक्रवार
पाइपांचं मॉडेल आज करणारच होतो, पण तिळगुळाने दाढ दुखावली. अनुजा म्हणाली, सर, मी करू का सगळं? उदार मनाने परवानगी दिली. शिकेल बिचारी.
दुपारी परत आली. तुमचं घर उघडत नाही म्हणाली. म्हटलं, ते परफेक्ट आहे, सोड ते.

१७ जानेवारी, शनिवार
उद्याचं भाषण लिहिलं. पहिलं वाक्य: ताळमेळ रक्तात असावा लागतो. पुढचं तिथेच सुचेल.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी २
सभा झाली.
पटांगणात पडदा लावला होता. तिन्ही मॉडेलं एकावर एक ठेवून घरं दाखवली. बेचाळीस घरं चोख. रघुकाकांनी स्वतःची खिडकी बघून माझी पाठ थोपटली. अनुजा मागे उभी राहून शेंगदाणे खात होती.
मग आमचं घर आलं. भिंत चार फूट आत गेलेली, पाइप मात्र जिथल्या तिथे. संडास गॅलरीत. चारी बाजूंनी उघडा, पापड वाळवायच्या जागेत. कोणीतरी शिट्टी मारली. प्राचीवहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या.
आई चष्मा पुसून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, म्हंजे संडास आता आसा थंयच काय रे? फकत आडोसो तेवढो गेलो.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. अनुजा म्हणाली, पासवर्ड मिळाला तर तासाभराचं काम आहे. सगळ्यांसमोर पासवर्ड सांगितला.
प्लॅन पास झाला. अट एकच: शेवंतीबाईंच्या, म्हणजे आमच्याच, घराचं काम धनेश सोडून कोणीही करावं. सूचक: आई. अनुमोदक: रघुकाका. विरोधात कोणी नाही.
मीही हात वर केला.