आत्याच्या नावाची आंघोळ

पप्पा, तुमची बहीण जिवंत आहे. अंबरनाथ पश्चिमेला राहते, आपल्या विठ्ठलवाडीच्या खोलीपासून दोन स्टेशनांवर. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला हे एका जुन्या रजिस्टरमधून कळलं.

नोकरीसाठी जात पडताळणी करायची होती. त्याला वंशावळ आणि वाडवडिलांचे शाळेचे दाखले लागतात. तुम्ही दुसरीपर्यंत होतात, एवढंच मला माहीत, म्हणून बदलापूरपुढच्या आपल्या गावच्या शाळेत गेले. मी प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून वाचत होते, काही सुटायला नको म्हणून. तुमच्या नावाच्या चार पानं आधी एक मुलगी सापडली. वडिलांचं नाव आजोबांचं, आडनाव आपलं. सातवी पास. वर्तणूक चांगली.

काकांना विचारलं. ते पेरूखाली खाट टाकून बसले होते. म्हणाले, तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, आजोबांनी ती मेली म्हणून तिच्या नावाने आंघोळ केली, पाठोपाठ दोघा भावांनी. विषय संपला. तुम्ही नाही, म्हणून वंशावळीवर काकांची सही हवी होती. त्यांनी कागद हातात घेतला आणि परत दिला.

"तिचं नाव खोड, मंग सही करतो."

"काका, खाली लिहिलंय, वरील माहिती खरी आहे."

"एक शिकली ती पळाली. दुसरी शिकली ती आता आम्हाला खरंखोटं शिकवते."

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. नाव खोडलं नाही. काकू रस्त्यापर्यंत आल्या आणि हळूच आत्याचा पत्ता सांगून गेल्या.

आत्याने दार उघडलं. मी कोणाची, ते सांगितलं. ती म्हणाली, "एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायला लावायचा का गं तुला?" पप्पा, दोन इयत्ता शिकलेल्या माणसाला उलटे पाढे कसे येतात, हे मी लहानपणी कधी विचारलंच नाही. तुम्ही रंधा मारल्यासारखे हात हलवत ताल धरायचात आणि मी चुकले की पुन्हा दोनशे नव्वदपासून. ते तिने शिकवलेले, चुलीपुढे बसून. मी पहिलीत जाणार होते तेव्हा तुम्ही तिच्याकडे गेला होतात म्हणे. दारातच उभे राहून पोरीला कुठल्या शाळेत घालू विचारलंत, आणि पाणी न पिता निघालात. सल्ला चालला, पाणी नाही.

मी ती आंघोळ मानत नाही. तुमची तर मुळीच नाही, कारण तुम्हीच ती मोडलीत आणि कोणाला सांगितलं नाहीत. वंशावळीवर आता आत्याची सही आहे. तिचाच दाखला सगळ्यात जुना, तोच मी वर लावलाय. काकांनी बोलणं टाकलंय. टाकू देत. प्रमाणपत्र मिळायचं तेव्हा मिळेल. अडलं, तरी नाव खोडणार नाही. तिच्या घरी मी पाणी प्यायले, दोनदा चहा घेतला, रविवारी जेवायला जाते.

हे पत्र तुम्ही प्लायच्या तुकड्यांतून केलेल्या टेबलाच्या खणात राहील. एक गोष्ट मात्र मी आत्यालाही सांगितलेली नाही. माझ्या दहावीच्या निकालाला तुम्ही मला तुमच्या कॅम्प चारच्या फर्निचरच्या कारखान्यात नेलंत आणि शेठपासून पॉलिशवाल्यापर्यंत सगळ्यांना म्हणालात, आमच्या घरातली ही पहिली शिकलेली. ते वाक्य मी आजवर जपलं. म्हणून त्या दिवशी रजिस्टरमध्ये 'सातवी पास' वाचलं आणि मी पट्टी एक ओळ खाली सरकवली. रजिस्टर काढून देणाऱ्या शाळेतल्या बाईंनी विचारलं, सापडलं का आणखी कोणी? मी नाही म्हणाले. रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेले, आणि मग परत फिरले.