लेण्यातला तुझा कोपरा

प्रिय आये,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असताना कधी पत्र लिहिलं नाही. आता तू नाहीस, तेव्हा ती अडचणही राहिली नाही. लिहायचं कारण साधं आहे. परवा वाडीच्या बैठकीत ठरलं, सड्याच्या उघड्या कातळातलं लेणं साफ करायचं. भिंतींवर जे जे थापलंय ते मूळ दगडापर्यंत खरवडून काढायचं. अर्ज माझाच. दिला तेव्हा तू होतीस, मंजूर झाला तेव्हा नाहीस. उद्या काम सुरू होतंय आणि त्यात तुझा कोपराही जाणार.

कुठला कोपरा, म्हणून विचारशील. तो शाळा तपासणारा साहेब आठवतो का तुला?

नव्व्याण्णव सालचा हिवाळा होता. मिरजोळ्याच्या शाळेतली चौथीची पोरं मी दरवर्षी एस.टी.ने पालीपर्यंत आणि तिथून चालत आपल्या वाडीवर आणायचे. पुस्तकात इतिहास एका धड्यात आणि दगडमाती दुसऱ्यात. लेण्यात दोन्ही एकाच भिंतीवर. खाणीतून काढलेला जांभ्या दगडाचा ताजा चिरा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो, हे पोरांना घरूनच ठाऊक होतं. मी फक्त विचारायचे, मग हे लेणं जुन्या लोकांनी कसं कोरलं असेल? पोरं छिन्नीच्या खुणांवर बोटं फिरवत फिरवत उत्तरापर्यंत यायची. तू मात्र दारात उभी राहून सांगायचीस, पांडवांनी एका रात्रीत खोदलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धं टाकून गेले. पोरांना तुझंच जास्त पटायचं. मला राग यायचा.

त्या वर्षी कोणा पालकाने तक्रार केली, की बाई अभ्यास सोडून पोरांना बिळात नेतात. साहेब स्वतः येऊन बघणार होते. त्यांना पटलं नसतं तर सहल कायमची बंद. आणि मी शहाणी, आदल्या दिवशी तुला निरोप धाडला, उद्या साहेब लेणं बघायला येतायत.

आये, तू काय केलंस ते तुला तरी कधी कळलं का? शेणमाती कालवून तू अख्खं लेणं सारवून काढलंस. भुई सारवलीस, ते ठीक. पण हात पोचेल तिथवर भिंतीही लिंपल्यास! ज्या खुणा दाखवायला साहेबांना आणलं, त्यांवर शेणाचा हात. दारात रांगोळी होती. वासानेच साहेब थबकले. "बाई, छिन्नीच्या खुणा कुठायत?" असं त्यांनी विचारलं.

वाचवलं ते एका पोरीने. तिने नखाने थोडं लिंपण उचकटलं आणि म्हणाली, खाली जुनं आहे. दुसऱ्या एकाने विचारलं, मग वरचं नंतरचं ना? झालं. वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा. काल संध्याकाळचं शेण, त्याखाली कोणाच्या तरी चुलीची काजळी, त्याखाली छिन्नी, आणि सगळ्याच्या आधीचा जांभा. मी वर्षभर शिकवून जे डोक्यात शिरलं नसतं ते तासाभरात शिरलं. साहेब हसले आणि सहल चालू ठेवा म्हणाले.

ते गेल्यावर मी तुला बोलले. तू पदराला हात पुसत एवढंच म्हणालीस, "सायब येनार नि जागा तशीच ठेवायची? मान्सं काय म्हंतील गो?" मग मी निघाले तेव्हा माझ्या पिशवीत फणसपोळी कोंबलीस. राग तुला आला होता की मला, ते आजही सांगता येत नाही.

पुढे दर वर्षी पोरांनी थोडं थोडं उकरून दर्शनी भिंत मोकळी केली. आतल्या कोपऱ्यात पावसाची झड पोचत नाही, तिथलं लिंपण तसंच राहिलं. तुझ्या बोटांची वळणं त्यात अजून उमटलेली आहेत. मी त्यांच्याकडे फार लक्ष दिलं नव्हतं. शेणच ते.

गेल्या महिन्यात या वर्षीची पोरं नेली. त्यांना म्हटलं, हे कोणी लिंपलं ते भिंतीला विचारा. पोरं हवेत हात फिरवून वळणं जुळवून बघायला लागली. उजवा हात काही केल्या बसेना. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, ही डावरी व्हती." थोड्या वेळाने, "नि एकटीच व्हती. दुसऱ्या कुनाचा हात नाय दिसत."

आये, मी तिथे भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

डाव्या हातावरून तू आयुष्यभर बोलणी खाल्लीस. लग्नकार्यात तुला कधी वाढायला घेतलं नाही. चारचौघांत तू सगळं उजव्या हाताने करायचीस, हळूहळू, चुकत. अर्जुन पण डाव्या हाताने बाण मारी, असं पुटपुटायचीस, तेही फक्त माझ्यापाशी. त्या दिवशी लेण्यात बघायला कोणी नव्हतं, म्हणून तू मनासारखा हात चालवलास. कुठेही अडखळलेली नाहीस. किती सुंदर वळणं आहेत ती! हे मी तुला सांगायला हवं होतं, पण मलाच ठाऊक नव्हतं.

त्या मुलीने विचारलं, तिचं नाव काय? मी दरवेळचंच उत्तर दिलं. कोरणाऱ्यांची नावं माहीत नाहीत, तसं हिचंही नाही. जे सिद्ध करता येत नाही ते सांगायचं नाही, हा माझाच नियम, आणि त्या दिवशी मी त्याच्या आड लपले.

कोपरा ठेवा, असं मी वाडीला सांगणार नाही. खालचा दगड दिसायलाच हवा, आणि अर्ज माझा आहे. पण उद्या खरवडायच्या आधी त्याच पोरांना पुन्हा नेतेय. त्यांच्यासमोर सांगेन, हिचं नाव जानकी, ही माझी आई. मग पहिला हात मीच लावीन. डावा.

तुझी,
मास्तरीण