आखाजीआधी डिस्क बदलायची आहे

देवपूर, धुळे
८ एप्रिल २०२६

चि. छगन यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे सकाळी दहालाच गल्ली ओस पडते, इतकं ऊन. तुझे दाजी बरे आहेत, साखर आटोक्यात आहे.

पत्र बघून हसशील, फोन असताना अक्काला हे काय सुचलं म्हणून. अरे, तुझं नाव दिसलं की तुझे दाजीच फोन उचलतात, स्पीकर लावतात आणि डिस्कचं पुराण सुरू करतात. मला बोलायला मिळतं कुठे? शेजारची सारिका उद्या माहेरी जळगावला निघाली आहे, ती हे तुझ्या गॅरेजवर आणून देईल. वाचून फाडून टाक.

तर डिस्क. नरडाण्याच्या लग्नाहून येताना गाडी ठोकली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मोबाईलवर कुठल्याशा रेसच्या गाड्या पाहिल्या आणि आता ब्रेकला भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्याच डिस्क हव्यात. चहाची बशी हातात फिरवून मला समजावतात, भोकांतून हवा खेळते, डिस्क तापत नाही, गाडी जागच्या जागी उभी राहते. तू त्यांना सांगितलंस ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. "दाजी, भोकं पाडीसन गाडी लवकर थांबत नही. रेसमा डिस्क लाल व्हस, तठे उपेग. आपली गाडी टायर थांबाडस." भोकांपाशी डिस्कला तडे जातात, खाचा पॅड लवकर खातात, हेही म्हणालास. मला पटलं. यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, छगनला सामान मागवायचा कंटाळा आलाय.

इथला योगराज मिस्त्री तर आता यांना बघून गाडीखालीच शिरतो. पॅड नवे, ब्रेक ऑइल नवं, पुढचे टायर नवे. त्याने स्वतः चालवून दाखवली. "नाना, ब्रेकमा काहीच दोष नही," म्हणाला. हे घरी येऊन जेवले नाहीत.

मला चैन पडत नाही रे. कणीक मळायला बसते आणि उठून खिडकीत जाते, गाडी जागेवर आहे का बघायला. कालच्या भाजीत दोनदा मीठ घातलं.

अक्षय्य तृतीया दहा-बारा दिवसांवर आली, आपली आखाजी. आपल्या पुनमला भाऊ नाही, म्हणून तिच्या लग्नापासून दर आखाजीला मुराळी होऊन हेच यावलला जातात. लेकीला आणायला बापच येतो म्हणून तिच्या सासरचे चेष्टा करतात, पण यांना केवढा अभिमान त्याचा! यंदा तर बाळ आहे. पुनम मागे बाळाला मांडीवर घेऊन बसणार, आणि चोपड्यापर्यंत केळीचे ट्रक अंगावर येणार. डिस्क बसली की निघतो, म्हणतात.

आता लिहितेच. साखर आटोक्यात आहे हे खोटं. उजव्या पायाच्या नसा बधिर झाल्यात, गाडी चालवणं बंद करा, असं डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं. पुनमला आणि तुला कळू द्यायचं नाही अशी यांनी मला शपथ घातली. चप्पल वाटेत निसटते, यांना पत्ता नसतो. परवा गच्चीवर भर दुपारी अनवाणी गेले, तळव्याला हा एवढा फोड आला, आणि संध्याकाळी मी दाखवला तेव्हा कळलं.

नरडाण्याला मी शेजारच्या सीटवर होते. शाळेतली एक पोरगी सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. मी ओरडले. हे म्हणाले, "मी दाबेल शे ना ब्रेक!" आणि मी खाली पाहिलं. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हताच, छगन. बाजूच्या पत्र्याला जीव खाऊन दाबत होते. शेवटी स्टीअरिंग वळवलं म्हणून पोरगी वाचली, गाडी लिंबाच्या झाडावर गेली. पोरगी सायकल टाकून पळाली. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. रोज तिच्या जागी मला पुनम दिसते.

उतरल्यावर सगळ्यांना सांगत होते, मी ब्रेक दाबा व्हता, गाडी थांबनीच नही. मी मान हलवली. ज्या माणसाने आयुष्यभर एसटी चालवली, बिनअपघाताचा बिल्ला अजून शर्टाच्या खिशात ठेवतो, त्याला बायकोने चार लोकांत काय सांगायचं?

मला वाटत होतं, यांना खरंच ठाऊक नाही. पण आज सकाळी दूध आणायला निघाले तर हे उभ्या गाडीत बसलेले, दार उघडं. मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत होते. पाय उचलायचा, बघून ब्रेकवर ठेवायचा, दाबायचा. मग डोळे मिटून तेच करायचं आणि उघडून बघायचं, पाय कुठे पडला. मी आल्या पावली मागे फिरले. थोड्या वेळाने आत आले आणि म्हणाले, "छगनले फोन लाव. डिस्कचं काय झालं ते विचार."

त्यांना माहीत आहे रे. म्हणूनच डिस्क हवी आहे.

तू ती बसवू नकोस. बसवलीस तर त्यांना निघावंच लागेल. सामान आलं नाही म्हण, काहीही म्हण, आणि आखाजीच्या आदल्या दिवशी इकडे ये. चावी हिसकावलीस तर देणार नाहीत. मागून घे. "दाजी, यंदा भाचीले लेवाले मी जासू, गाडी मी चालाडसू, तुम्ही मना बाजूले बठा," असं म्हण. मामाला ते नाही म्हणणार नाहीत. त्यांना पुढे बसव, मुराळी तेच राहू देत. पुनमच्या दारात आधी त्यांनाच उतरू दे.

आणि एवढं करूनही चावी दिली नाही, तर मग सगळ्यांसमोर खरं सांग. कोणी सांगितलं विचारलं तर माझं नाव घे. त्यांना काय राग करायचा तो माझा करू देत, मी त्यांच्या समोरच बसलेली असेन.

वाट बघते.

तुझी अक्का,
जिने खाली पाहिलं होतं