मेलबर्नचं बाळंतपण

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी महादेवाला पाणी घालून आलो आणि ओट्यावर बसून मोबाईलला विचारलं — मुंबई ते मेलबर्न किती लांब? जवळजवळ दहा हजार किलोमीटर! विमानाला बारा-तेरा तास. केजहून मुंबईला एसटीनं जायचं तरी अख्खी रात्र जाते. म्हणजे लेक त्याच्यापुढं आणखी एका रात्रीवर. मग महादेवा, एवढी दूर का वाटते?

तिकडचं घड्याळ साडेपाच तास पुढं. सुकन्याचा सोमवार माझ्या आधी उजाडतो. उपासातही लेक बापाच्या पुढं!

पहिलं बाळंतपण माहेरचं. तिला आता विमानात बसता येत नाही, म्हणून माहेरच तिकडं न्यायचं. तिची आई जाऊन आठ वर्षं झाली. माझी थोरली बहीण केसरअक्का जाणार. व्हिसा दोघांचा आलाय, पण मी नुसता सोबतीला.

१५ जानेवारी

अक्का फिरली! "भारत, मला वर जायचंय ते एकदाच. उगं दोनदा कावून?" लई समजावलं. ढिम्म! वर मलाच म्हणते, "तू जा की एकटा. पोरगी तुझीच हाय."

मी? बाप्यानं बाळंतपण करायचं?

१६ जानेवारी

दिवसभर तोच विचार. गव्हाला पाणी द्यायचं राहिलं.

१९ जानेवारी

सुकन्याचा फोन. अक्काचं सांगायला तोंड उघडेना. तीच म्हणाली, "दादा, कुणाला न्हाई जमलं तरी चालंल. इथं नर्स असत्यात." लहानपणी पडली की अशीच म्हणायची — "लागलं न्हाई." आणि गुडघ्यातून रक्त!

"घरचं माणूस येतंय," मी म्हणालो. कोण, ते नाही सांगितलं. मलाच कुठं ठाऊक होतं!

२० जानेवारी

शेजारच्या नाथाला म्हणालो, मीच जाऊ का? "काय बे, लुगडं नेसून जातो का?" लई हसला. मीही हसलो. हसून झालं आणि लाज कुठं गेली कळलं नाही. दुपारी केजला जाऊन तिकीट काढलं — एकच. जावई अंगदरावांना तेवढं कळवलं, ते विमानतळावर येतील; सुकन्याला सांगू नका म्हणालो.

२४ जानेवारी

अक्काची शाळा सुरू. उशीला बाळ समजून पायावर घेतलं, तेल लावलं. "अरं, बैल धुतोस का?" — अक्का. अळिवाची खीर मात्र पहिल्याच खेपेला जमली. "बाळंतिणीचं अंग चोळायला तिकडचीच बाई बघ," तिनं बजावलं. बजावता बजावता डोळे पुसले.

३ फेब्रुवारी, मेलबर्न

सुकन्यानं दार उघडलं आणि माझ्या मागं बघितलं.

"आत्या कुठंय?"

"न्हाई आली. मी करणार बाळंतपण."

हसली का रडली, दोन्ही एकदमच. मग पोट सावरत आत वळली. "बसा दादा, चहा टाकते."

तिचा हात धरून खुर्चीवर बसवलं. "माहेरी आलीस ना? बस. दूध कुठं ठेवतेस, तेवढं सांग."