निकाल आधी सांगणारा नवरा

मंगळवार, १० मार्च. दुपारी ४ वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. बरोबर याच वेळी विनायकराव गॅलरीतून आत आले, कानातले इअरफोन काढले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "जिंकलो. तीन-एक. आता निवांत बघ."

निवांत! हॉकी कोणी निवांत बघतं?

मागच्या स्पर्धेत शूटआउट चालू असताना बी.पी. चढून मी सोफ्यावरून खाली घसरले, तेव्हापासूनचा हा हुकूम. कामोठ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थेट सामना बंद. निकाल कळल्यावर रेकॉर्डिंग बघा. त्यांचं काय जातं, त्यांनी आयुष्यात स्टिक हातात धरलेली नाही. आणि वि. (यापुढे एवढंच, रागात पूर्ण नाव लिहायचा कंटाळा येतो) हा हुकूम वेदवाक्यासारखा पाळतात. स्वतः गॅलरीत बसून फोनवर थेट बघायचं, मला आत कोंडायचं, मग येऊन बातमी द्यायची.

मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कितीतरी लोकांच्या आनंदाच्या नि दुःखाच्या बातम्या माझ्या कानावरून गेल्या. कोणाला त्याची बातमी आधी फोडून सांगितली नाही.

बुधवार, ११ मार्च

कालचा सामना बघितला. समोर पिवळे शर्टवाले. आपली पोरं छान खेळली म्हणे. म्हणे, कारण तिसऱ्या क्वार्टरमध्ये मला झोप लागली.

मला. हॉकीच्या सामन्यात.

कॉन्व्हेंटमध्ये लेफ्ट हाफ होते मी. सिस्टर पांढरा झगा वर खोचून आमच्याबरोबर धावायच्या, आणि कोणाची स्टिक खांद्याच्या वर गेली की नडगीवर फटका. अंगात ताप असताना खेळलेय. आणि आता मांडीवर शाल, हातात लोकर, घोरणं.

वि. ना म्हटलं, "अहो, बघू नका म्हणत नाही. मला सांगू नका, एवढंच."

"शैला, तुला काही झालं तर मी काय करू?"

"गॅलरीत बसा."

बोलून गेले खरी. नंतर त्यांनी बिनसाखरेचा चहा अख्खा संपवला आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. साखर घालायची मीच विसरले होते. सांगितलं नाही.

शुक्रवार, १३ मार्च

उरणची चंद्राबाई मासे घेऊन आली. दारातच म्हणाली, "काय गो बाय, तोंड का असा सुजलाय?"

सगळं सांगितलं. हसून हसून पाटी पडायची वेळ आली तिची.

"मंग नवरा बोलतो तरी! माजा दर्यावरना आला नि मी इचारला, मावरा गावला का, तर नुसता हूं करतो. तुमचा देऊन टाका मना."

"ने. आत्ताच ने. इअरफोनसकट."

मग पापलेट साफ करता करता, वर न बघता म्हणाली, "पन तुमी पडल्या ना तवा, मी खालीच बसलेली. तुमचे सायेब रस्त्यावर अनवानी धावत व्हते. रिक्षाला हात करायचा सोडून हात जोडत व्हते."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वि. नी तर नाहीच.

पापलेट घासाघीस न करता घेतलं. चंद्राबाईला वाटलं असेल, बाईची तब्येत खरंच बिघडली.

शनिवार, १४ मार्च

उपांत्य सामना. लाल शर्टवाले. वि. गॅलरीत, मी आत मटार सोलत, कान बाहेर. एक आवाज नाही.

बाहेर आले ते चेहरा पाडून. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हरलो गं. एक-दोन."

वाईट वाटलं. पण पोरं खेळली आहेत तर बघायला हवं, म्हणून रेकॉर्डिंग लावलं. सुतकात बसावं तशी बसले. एक-दोन झाले. शेवटची दोन मिनिटं. आपला गोलकीपर बाहेर काढला, एक जास्तीचा खेळाडू आत. मी मनात म्हटलं, आता कशाला रे बाळांनो. पेनल्टी कॉर्नर मिळाला. आणि गोल.

दोन-दोन!

"अहो!" मी केवढ्याने ओरडले कोण जाणे. मटार सगळीकडे. मग शूटआउट. आपला कीपर पुढे धावत आला, पाय पसरून आडवा झाला, लालवाल्याचा चेंडू त्याच्या पॅडला लागून बाहेर. जिंकलो!

वि. स्वयंपाकघरात पाठ करून उभे. रिकामं पातेलं ढवळत.

"हरलो म्हणालात ना?"

"नेट गेलं होतं. मला वाटलं, संपलं."

"शूटआउट होईपर्यंत नेट आलंच नाही?"

"नाही ना."

कान लालबुंद. लग्नाआधीही खोटं बोलताना असेच व्हायचे. पण खरं बोलताना मी रोखून बघितलं, तरी होतात. तेव्हा काही सांगता येत नाही.

मग मुकाट्याने बी.पी.चं यंत्र आणलं, दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून पुटपुटले, "बराय की." मग पट्टा माझ्या दंडाला तसाच ठेवून यंत्र डब्यात भरायला लागले. पट्टा त्यांच्या दंडाला हवा होता.

रविवार, १५ मार्च. सकाळी.

आज अंतिम सामना. विचार केला तो असा: आता हे जिंकलो म्हणोत की हरलो, माझा विश्वास बसायचा नाही. म्हणजे रेकॉर्डिंगलाही काळीज धडधडणारच. डॉक्टरीणबाईंच्या हुकुमात काही उरलेलं नाही. हे त्यांनी जाणूनबुजून केलं असेल, तर इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. नेट खरंच गेलं असेल, तर बावळट आहेत. मला कळायलाच हवं.

हे पान फाडून डायनिंग टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली ठेवते आहे.

श्री. विनायक, मुक्काम गॅलरी, यांस,

शनिवारी आपण हेतुपुरस्सर खोटं बोललात काय? आणि आजचा सामना आपण घाबरत घाबरत का होईना, माझ्याशेजारी सोफ्यावर बसून, थेट बघणार आहात काय? हात धरायला माझी हरकत नाही. घसरले तर धरून ठेवा, पण निकाल माझ्याबरोबर ऐका. यावेळी रस्त्यावर धावायचं झालं तर चपला घालून धावा.

उत्तर लेखी हवं. आपल्या तोंडी उत्तरांची किंमत काल कळली. मुदत आज संध्याकाळी साडेपाच, सामना सुरू होण्यापूर्वी. त्यानंतर आलेलं उत्तर वाचलं जाणार नाही, कारण मी टीव्हीसमोर असेन.

शैला