भागीरथीकाकूंची सर्दी

खोताची वाडी, गिरगाव
जानेवारी १८९४

प्रिय रोझाबाय,

देव तुला आणि वसईच्या घरातल्या सगळ्यांना सुखी ठेवो, मागच्या दारच्या त्या मारकुट्या बोकडालासुद्धा. तुझे पत्र पोचले. गुडघे दुखायचे थांबले, झोप लागू लागली आणि सणाच्या दिवशी तू उभी राहून गाणी म्हटलीस हे वाचून मला इतका आनंद झाला की मी ते पत्र शेजारणीलाही वाचून दाखवले. तुझी सून क्लारा तुला रोज रात्री जे तांबडे सरबत देते त्याचे नाव तू विचारले आहेस, तुझ्या मद्यपाननिषेधक मंडळींतल्या बायकांना सांगायला. त्याबद्दल शेवटी लिहिते. (मधली पाने गाळून तिकडे जाऊ नकोस. शाळेतही तू धड्याचा शेवटच आधी वाचायचीस.)

मी अजून त्याच बायकांच्या इस्पितळात आहे. पांढरी टोपी, पांढरा झगा आणि खाली आपल्या कॉन्व्हेंटातले करकरणारे बूट. (बूट ते नव्हेत, करकर तीच.) परवा वॉर्डातून चालताना त्या आवाजाने मला एकदम आपला बदामाच्या झाडाखालचा व्हरांडा आठवला आणि शिवण शिकवणारी सिस्टर अर्सुला आठवली. ती म्हणायची, खोटे बोलणे म्हणजे गाठ न मारता टाके घालणे, ओढले की सगळे उसवते. मला शिवण काही आले नाही, पण तेवढे मात्र लक्षात राहिले, आणि या खेपेला त्यानेच माझा घात केला.

गेल्या महिन्यात माझ्याकडे नलू नावाची मुलगी आली. ठाकुरद्वारच्या ब्राह्मणाघरची, नवरा सरकारी कचेरीत कारकून. पहिले बाळंतपण, त्यावर ताप, आणि ताप गेला तो अंगातली सगळी ताकद घेऊन. सासू मूल दाखवायला आणी, तर त्याला घ्यायला हिचे हात वर होत नसत. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला नेले आणि म्हणाल्या, ही अशीच खंगत गेली तर हाती लागायची नाही. त्यांनी विलायती माशाचे तेल लिहून दिले आणि वर ताकीद दिली, की नुसते ताकदीचे औषध म्हणून पाज, जास्त बोलू नकोस.

आता तूच सांग, रोझाबाय. सांगितले तर पोरगी पिणार नाही, आणि न सांगता पाजले तर तिच्या धर्मात मी तिच्या नकळत हात घातला. माझा धर्म वेगळा म्हणून तिचा मला स्वस्त वाटावा, हे मनाला पटेना. अखेर चमचा हातात घेऊन मी सत्याच्या बाजूने उभी राहिले. फार बरे वाटले. (सत्याच्या बाजूने उभे राहणाऱ्याला बरेच वाटते. त्रास होतो तो समोरच्याला.)

नलूने माझ्याकडे पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. "अहो बाई, कशाला सांगितलंत? मला का वास येत नव्हता? तुम्ही औषध म्हणाला असतात तर मी डोळे मिटून प्यायले असते. आता कळल्यावर कशी पिऊ?" एवढे बोलून तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

शेजारच्या खाटेवर सोनूबाई होती. वरळीची कोळीण, बंदरावर घसरून पाय मोडलेला, तोंड मात्र धडधाकट. तिने माझी पूजा बांधली. "अगो बाय, एवढी शिकलीस आन् गप बसायला नाय शिकलीस?"

त्यानंतरचे दिवस काही विचारू नकोस. मी मध आणला, लिंबू आणले, विनवण्या केल्या. नलू अगदी गोड आवाजात नको म्हणे. (भांडणाऱ्या रोग्याला समजावता येते, गोड नकारापुढे काही चालत नाही.) तिचा चेहरा उशीच्या अभ्र्यासारखा होत चालला आणि मला घरी जेवण गोड लागेना. डॉक्टरीणबाई माझ्याशी फक्त मानेने बोलू लागल्या. दुसरेच औषध आहे असे सांगून तेच तेल पाजावे, असे एकदा मनात आलेदेखील, पण तेवढ्यात माझे बूट करकरले.

आणि मग आल्या भागीरथीकाकू, म्हणजे नलूची सासू. सोवळ्या बाई, अंगाने काडी, पण त्यांचे नाक म्हणजे आमच्या इस्पितळातली एक प्रसिद्ध वस्तू. सोनूबाईची माणसे दुपारी भेटून गेली, तर संध्याकाळी काकूंना जिन्यातच कळे आणि त्या पदर नाकाला लावूनच वर येत. परिचारिकेने कांदा खाल्ला असेल तर तिला त्या दारातून परत पाठवीत. त्या दिवशी त्यांनी उशाशी भरलेला पेला पाहिला आणि मला विचारले, की सूनबाई हे घेत का नाही, आणि यात आहे तरी काय?

नलूने डोळे गच्च मिटून घेतले. सोनूबाईने उठून बसता येत नसूनही उठून बसायचा यत्न केला. खोटे बोलवत नव्हते, आणि खरे सांगावे तर ती नलूची गोष्ट, माझी नव्हे. सासूला ती कळली तर घरी काय वाढून ठेवले असेल कोण जाणे. मी म्हटले, "काकू, औषध आहे. त्यात काय आहे ते मला माहीत आहे, पण तुम्हाला सांगायचं की नाही हे नलूने ठरवायचं."

काकूंनी पेला उचलला, नाकाशी नेला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. मी मनातल्या मनात नोकरीचा राजीनामा लिहायला घेतला. काकूंनी पेला हळूच खाली ठेवला, नाक पुसले आणि म्हणाल्या, "मला मेलीला सर्दी झालीय. काही म्हणजे काही वास येत नाही." मग नलूकडे वळून, "ऊठ गं. डॉक्टरांनी दिलंय ना? मग पी. घरी आल्यावर पंचगव्य देईन, ते याहून वाईट लागतं."

नलू प्यायली. रडत, हसत, तोंड वाकडे करत, पण पेला रिकामा केला.

जाताना काकूंना मला एक कानगोष्ट सांगायची होती. पण विटाळ नको म्हणून त्या सहा हात लांब उभ्या राहिल्या, त्यामुळे ती कानगोष्ट सबंध वॉर्डाने ऐकली. "बाई, तुम्ही खोटं बोलला नाहीत, चांगलं केलंत. पण खरं सांगायच्या आधी त्या पोरीला विचारायचं तरी, की तुला ऐकायचंय का म्हणून!" "तेच तर मी म्हनतंय!" सोनूबाई ओरडली. या दोघींचे एकमत झालेले मी तेवढे एकदाच पाहिले.

काल नलूने मुलाला आपल्या हातांनी उचलून मांडीवर घेतले. मी उगाच खिडकीशी जाऊन पडदा नीट करत राहिले. काकू अजून रोज येतात, जिन्यातून सोनूबाईच्या नावाने बोटे मोडतात आणि नलूच्या खाटेजवळ आल्या की त्यांना सर्दी होते.

तब्येतीला जप. सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
आग्नेस

ता. क. – सरबताबद्दल. क्लारा गेल्या आठवड्यात बाजाराला आली होती. ते काय आहे हे तिने मला सांगितले, पण आधी तुला न सांगण्याची शपथ घ्यायला लावून. तुझे गुडघे दुखायचे मात्र त्यानेच थांबले, हे खरे. तेव्हा मी तुला एवढेच विचारते. रोझाबाय, तुला खरेच ऐकायचे आहे का? असेल तर क्लाराला समोर बसवून विचार, ती खोटे बोलणार नाही. नसेल तर मला उलट टपाली कळव, की तुला फार सर्दी झाली आहे. मी समजेन.

ता. क. दुसरा – तुझे काय ते ठरेपर्यंत मंडळींतल्या बायकांना ते सरबत सुचवू नकोस. आणि रात्री ते घेतल्यावर गाणे म्हणायचेच असेल, तर फादरच्या खिडकीखाली म्हणू नकोस.