आतला खिसा

लोहारा,
१५ डिसेंबर २०२५

बेटा मुजीब,

तुला दुआ, आणि लांबूनच गळाभेट. आधी खुशाली सांग. टाचेचा फोड बसला का? खाल्लेलं अंगी लागतंय का? तुझ्या शेजारच्या खाटेवरचा तामलवाडीचा बजरंग कसा आहे, आईच्या आठवणीनं जेवण टाकायचा, ते थांबलं का? शिवपुत्रची दाढ काढली म्हणालास, आता त्याला चावता येतंय का? आणि तुमचे कवायतीचे उस्ताद. दिवसभर ओरडून त्यांचा घसा बसत असंल. लोहाऱ्याच्या म्हाताऱ्यानं तब्येत विचारली म्हणून सांग. हसले तर हसू देत.

घरी सगळे ठीक. तुझ्या अम्मीचे गुडघे थंडीनं कुरकुरतात. अब्बाची जीप उमरग्याच्या फेऱ्या मारते, परवा मधेच बंद पडली तर बसलेल्या शिटांनीच उतरून ढकलली म्हणे. माझं विचारशील तर मशीनवर बसतो, पण दुपारपर्यंतच. सुईत दोरा तरन्नुम ओवून देते. शाळेचे गणवेश शिवून शिवून निळा रंग डोळ्यांपुढून हटत नाही. थकलोय बाबा.

स्टँडवरचा तुझा फ्लेक्स अजून आहे. खालचा कोपरा शेळीनं खाल्ला, तुझे बूट गेले, बाकी तू शाबूत आहेस. आण्णासाहेब रोज दुकानापुढं थांबतात आणि विचारतात, "मुनवरभाई, आमचं मिल्ट्रीमॅन काय म्हणतंय?" मी म्हणतो, मजेत आहे. फ्लेक्सचा खर्च त्यांनीच केला, त्यामुळं त्यांना विचारायचा हक्क आहे.

पण तो फ्लेक्स लई लवकर लागला बेटा. आपल्याकडची रीतच तशी, पोरगं भरतीचं पळणं पळून आलं की गुलाल, हलगी, सत्कार. मेडिकल बाकी आहे हे कुणाच्या ध्यानात राहतंय? फ्लेक्सवर तुझ्या हातात बंदूकसुद्धा छापली होती. त्यानंतर तिथल्या डॉक्टरनं तुला विचारलं, आधी काही आजार होता का. तू नाही म्हणालास. दोन हिवाळे छाती वाजली नव्हती, आम्हालाबी वाटलं गेला दमा. आणि खरं सांगू? गुलाल उडल्यावर त्याचं नाव घ्यायला घरात कुणाची जीभ उचलली नाही.

आता कालच्या रविवारचं. तुझा फोन आला तेव्हा सगळे मोबाइलभोवती बसलो होतो. अम्मी जेवणाचं विचारत होती, अब्बा पगाराचं. तू सांगितलंस, दादा, थंडी लई आहे, एक बंडी शिवून पाठवा, आतून खिसा ठेवा, कुणाला दिसणार नाही असा. सगळे खूश झाले की नातू दादाच्या हातचं मागतोय. मी तुझा श्वास ऐकत होतो. तू तीन शब्द बोलायचास आणि थांबायचास. तुला वाटलं असंल रेंजमुळं कळणार नाही. लहानपणी तुझी छाती वाजायची तेव्हा तू माझ्याच खांद्यावर असायचास, मुजीब. तो आवाज मला फोनमधून कळणार नाही तर कुणाला?

बंडी आज सकाळी झाली. करडी आहे, आत दुहेरी अस्तर. तुझ्या अम्मीनं औषधाच्या दुकानातून दम्याचा पंप आणून माझ्यापुढं ठेवला. तिला तो आतला खिसा कशासाठी ते माझ्याआधी कळलं होतं. मी म्हटलं, सूनबाई, पोराला पळताना काही झालं तर? ती म्हणाली, "अब्बा, तुमी नुसतं शिवा." रडत होती. तिच्यावर रागावू नकोस, मीबी रागावलो नाही. नळदुर्गचे पाहुणे पुढच्या महिन्यात तरन्नुमला बघायला येणार आहेत. त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, भाऊ फौजेत आहे ना? आता तू परत आलास तर काय होईल, या भीतीनं ती पोखरून गेली आहे.

तरन्नुम दोरा ओवायला जवळच बसली होती. ती कधी मोठ्यांच्या मधे बोलत नाही, आज बोलली. "दादा, माझी सोयरीक भैयाच्या छातीवर कशाला मांडता?" एवढंच म्हणाली आणि सुई माझ्या हातात दिली.

म्हणून मी आतला खिसा ठेवला नाही.

पंप मी पाठवणार आहे, त्याची फिकीर नको. पण लपवून नाही. तूच सांगितलं होतंस ना, पार्सल उस्तादांसमोर फोडतात, कुणाच्या घरचं लोणचं आलं की सगळ्यांना वाटतात. तर शेंगदाण्याच्या लाडवांच्या वर, उघडा, उमरग्याच्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट ठेवणार आहे. फोडल्याफोडल्या पहिला तोच दिसंल. हे पत्र आज टाकतो. पार्सल पुढच्या सोमवारी. मधे एवढे दिवस तुझे आहेत, ते तुला मिळावेत म्हणूनच हे पत्र आधी. पार्सलनं सांगण्याआधी तू आपल्या तोंडानं सांग. पत्र हातात पडल्यावर त्याच दिवशी जा, पार्सलची वाट बघत बसू नकोस, आणि छाती वाजत असताना पळायला उभा राहू नकोस.

ते काय करतील मला ठाऊक नाही. औषध देऊन ठेवतील किंवा घरी धाडतील. बहुतेक धाडतीलच. तुला खोटा धीर देत नाही. तू पहाटे उठून रस्त्यावर पळायचास, ते मी दुकान झाडताना रोज बघितलं आहे. तुझं काय जाणार आहे, याची मला जाण आहे. आलास तर मी स्टँडवर येईन. लोक विचारतील, आण्णासाहेबबी विचारतील, त्यांना मी उत्तर देईन. अम्मी माझ्याशी बरेच दिवस बोलणार नाही, तेबी सोसतो. नळदुर्गच्यांना खरं सांगून बघू. त्यांना खरं नको असंल तर आपली पोरगी घरात जड झालेली नाही.

रद्दी पेपर वाचून अक्षरं शिकलेला माणूस मी, लिहिताना काही आडवंतिडवं गेलं असंल तर सांभाळून घे. आणखी लिहिलं असतं, पण हात दुखतो.

बेटा, उत्तर लवकर टाक. सांगितलंस की नाही, तेवढंच लिही. आणि नसशील सांगितलं, तरीबी लिही. पत्रच आलं नाही तर मी काय समजायचं?

वाट बघणारा,
तुझा दादा
मुनवर